सफरनामा : तुर्कीत 'एकमेक' म्हणजे पाव

मागच्या अंकात परदेशी सहलीची तयारी कशी करावी, याविषयी आम्ही लिहिले होते. पासपोर्टच्या झेरॉक्सपासून औषधांच्या डब्यापर्यंत सगळे सांगून झाले. त्यावर अनेक भगिनींनी कळवले, की तयारी पुरे झाली, आता प्रत्यक्ष फिरवून आणा. मागणी रास्त आहे. म्हणून या वेळी इस्तंबूलमधला एक दिवस, सकाळच्या चहापासून रात्रीच्या पावापर्यंत.

सात दिवसांच्या सहलीतला हाच दिवस निवडण्याला कारण आहे. ग्रुप टूरच्या कागदावर दोन रकाने असतात. एकात 'प्रेक्षणीय स्थळे' आणि दुसऱ्यात 'जेवण'. या दोन रकान्यांची सहसा ओळखही नसते. मशीद पाहायची, बसमध्ये बसायचे आणि कुठल्या तरी 'इंडियन रेस्टॉरंट'मध्ये जाऊन पनीर बटर मसाला खायचा. इस्तंबूलमध्ये मात्र हे दोन रकाने मुळात एकच होते. जी इमारत आपण मान वर करून पाहतो तिच्यामागे एक बाजार असतो, बाजारामागे एक चूल असते आणि त्या चुलीपुढे कोणीतरी भुकेला माणूस बसलेला असतो. तो दिवस आम्हाला आठवतो तो यासाठी.

आम्ही २७ जण होतो. अर्ध्याहून अधिक रत्नागिरी आणि महाडकडची, म्हणजे शाफई मंडळी. बाकीची पुणे आणि सोलापूरची, हनफी. निघण्यापूर्वीच सफरीचा अमीर निवडला होता. एस.टी.त ३० वर्षे गाडी चालवून निवृत्त झालेले एक चाचा. कोणाला कुठे चढवायचे, कोण मागे राहिले आणि कोणाला लघवीला थांबायचे आहे, हे त्यांना न सांगता कळते. सगळ्यांत ज्येष्ठ होत्या ७१ वर्षांच्या एक खाला. हातात काठी आणि पर्समध्ये ओवा. हजनंतरचा हा त्यांचा पहिलाच परदेश प्रवास.

तिळाचे कडे आणि बिनदुधाचा चहा

सकाळी आठच्या सुमारास सुलतान अहमद चौकात उतरलो. ऑक्टोबरचा शेवट होता, हवेत गारवा होता. चौकात लाल गाडीवर सिमित विकत होते. सिमित म्हणजे पावाचे कडे. द्राक्षाच्या काकवीच्या पाण्यात बुडवून, तिळात घोळवून भाजलेले. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. इथे शाळेत जाणारे पोर आणि कचेरीत निघालेला साहेब, दोघेही तेच खातात.

सोबत चहा. कमरेशी बारीक असलेल्या काचेच्या छोट्या पेल्यात, लालभडक. एका किटलीवर दुसरी किटली ठेवलेली असते. वरच्या किटलीत दाट कोरा चहा, खालचीत उकळते पाणी. ज्याला जसा हवा तसा मिसळून देतात. दूध नाही. आमच्या महाडच्या मामींनी चहावाल्याला हाताने गाय काढण्याचा अभिनय करून दाखवला. त्याने हसून आणखी दोन साखरेचे खडे दिले.

भाषेची भीती बाळगू नका, हे आवर्जून सांगतो. तुर्की येत नसले, तरी निम्मा बाजार ओळखीचा निघतो. चहाला 'चाय', साखरेला 'शेकेर', दुकानाला 'दुक्कान', बाजाराला 'पाझार', मैदानाला 'मेयदान', पडद्याला 'पेर्दे', आठवड्याला 'हाफ्ता' आणि चीजला चक्क 'पेयनिर'. फारसी आणि अरबीतून निघालेले हे शब्द एका वाटेने तिकडे गेले आणि दुसऱ्या वाटेने आपल्या मराठीत आले. त्या दिवशी सोलापूरच्या भाभींनी वहीत २२ शब्द लिहून काढले.

चहा झाल्यावर सुलतान अहमद मशीद पाहिली. पर्यटक तिला निळी मशीद म्हणतात. सुलतान अहमद पहिला याने १६०९ ते १६१६ या काळात ती बांधून घेतली. सहा मिनार आहेत आणि आतल्या भिंतींना इझनिक गावच्या २० हजारांहून अधिक टाइल्स आहेत. निळ्या, हिरव्या, त्यांत लाल ट्यूलिप. समोरची आया सोफिया तिच्याहून हजार वर्षांनी थोरली. इ.स. ५३७ मध्ये चर्च म्हणून पुरी झाली, १४५३ मध्ये मशीद झाली, १९३४ च्या निर्णयाने संग्रहालय झाले आणि २०२० पासून पुन्हा मशीद आहे. परदेशी पर्यटकांना वरच्या सज्जात जाण्यासाठी २५ युरोचे तिकीट पडते. आमच्या सहलीच्या पैशांत ते धरलेले होते. या दोन्ही इमारतींबद्दल भरपूर लिहून झाले आहे, म्हणून पुढे जातो.

पाणपोईजवळचा मशवरा

आया सोफियाच्या मागे, तोपकापी महालाच्या दरवाजासमोर एक सुंदर चौकोनी इमारत आहे. वर रुंद छज्जा, भिंतींवर सोनेरी अक्षरे. लांबून कोणाचा तरी मकबरा वाटतो. ती आहे पाणपोई. सुलतान अहमद तिसरा याने १७२८ मध्ये बांधलेली. चारही बाजूंना नळ आणि चार कोपऱ्यांवर जाळीच्या खिडक्या. त्या खिडक्यांमागे माणसे बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पेले भरून पाणी, सणावारी सरबत देत, फुकट. तिला तिथे 'सेबिल' म्हणतात. मोहरममध्ये आपल्या मोहल्ल्यात सबील लागते, तोच हा शब्द. फरक इतकाच, की आपली सबील दहा दिवसांची आणि ही बारमाही.

तिथेच आमचा मशवरा बसला. कारण असे, की कार्यक्रमपत्रिकेत पुढचे दोन तास 'गालिचा विणकामाचे प्रात्यक्षिक' होते. ग्रुप टूर केलेल्यांना याचा अर्थ कळेल. दहा मिनिटे प्रात्यक्षिक आणि बाकीचा वेळ दुकान. आणि आम्हाला जी पाहायची होती, ती सुलेमानिया मशीद कागदावर 'वेळ मिळाल्यास' या शब्दांपुढे होती.

सोलापूरच्या भाभी म्हणाल्या, "आमच्या सोलापूरच्या चादरीला काय धाड भरलीय, म्हणून इथनं गालिचा उचलून न्यायचा?" तरुण मंडळी थेट नकार द्यायच्या बेतात होती. आमचा गाइड स्थानिक मुलगा, २५-२६ वर्षांचा. त्याचा चेहरा उतरला. दुकानात माणसे नेली, की त्याला काही मिळते, हे न सांगताही दिसत होते.

तेव्हा खाला बोलल्या. "आपला वेळ वाचवायचा हक्क आपल्याला आहे. पण त्याची मजुरी बुडवायचा नाही. तो घरी आईला पैसे देत असेल. आपण वर्गणी काढू या."

वर्गणी काढली. माणशी थोडेच आले, पण २७ जणांचे मिळून बरे जमले. अमीरचाचांनी एका कागदावर लिहून दिले, की दुकानाची भेट प्रवाशांनी स्वखुशीने वगळली आहे, गाइडचा यात दोष नाही. खाली सगळ्यांच्या सह्या. मुलाने आधी पैसे घ्यायला नकार दिला. मग खालांनी ते त्याच्या खिशात कोंबले, ईदी कोंबतात तसे. त्यानंतर जो मुलगा सकाळपासून घड्याळ आणि छत्री वर करून नुसता पुढे चालत होता, तो आमच्यासोबत चालायला लागला. पुढे जे पाहिले आणि खाल्ले, त्यातले निम्मे त्याच्यामुळे.

सुलेमानिया : उसळ, जर्दा आणि चूल

सुलेमानियाला जाताना वाटेत मोठा बाजार लागतो. कापालि चार्शी, म्हणजे झाकलेला बाजार. ६० च्या आसपास गल्ल्या, हजारो दुकाने, सगळे छताखाली. आम्ही अर्ध्या तासात एका दरवाजातून शिरून दुसऱ्यातून निघालो. गाइडने एवढेच सांगितले, की याचा सगळ्यांत जुना भाग सुलतान मेहमद फातेह याने शहर जिंकल्यावर थोड्याच वर्षांत बांधला आणि त्याचे भाडे आया सोफिया मशिदीच्या खर्चासाठी लावून दिले. "म्हणजे दुकान आधी आणि मशीद नंतर?" कोणीतरी विचारले. तो म्हणाला, "दोन्ही सोबत. दुकानाशिवाय मशिदीत दिवा कोण लावणार?"

वक्फ हा शब्द आपल्याकडे हल्ली कोर्टकज्जे आणि कायदा यांच्या बातम्यांतच ऐकू येतो. तिथे तो रस्त्यावर उभा दिसतो. एखादी मिळकत अल्लाहच्या नावाने बांधून टाकायची. ती विकता येत नाही, वारसांत वाटता येत नाही. तिचे उत्पन्न मात्र नेमून दिलेल्या कामाला वर्षानुवर्षे जात राहते. सुलेमानिया हे त्याचे मोठे उदाहरण. सुलतान सुलेमानसाठी मिमार सिनानने १५५० ते १५५७ मध्ये ती टेकडीवर बांधली. पण बांधली ती एकटी मशीद नव्हे. भोवती मदरसे, दवाखाना, हमाम, मुसाफिरखाना आणि एक मोठे स्वयंपाकघर. या स्वयंपाकघराला 'इमारेत' म्हणत. आपल्या 'इमारत' शब्दाचा हा सख्खा भाऊ. आपण नुसत्या दगडविटांना इमारत म्हणतो, तिथे भुकेल्याला जेवू घालणाऱ्या चुलीला तेच नाव.

त्या चुलीवर रोज सूप आणि पाव होई. विद्यार्थी, मशिदीचे नोकर, मुसाफिर आणि गरीब तिथे जेवत. प्रवाशाला तीन दिवस पाहुणा मानत. अशा इमारेतांत जुम्याच्या रात्री आणि सणाला गोड म्हणून 'झेर्दे' शिजे. केशराचा पिवळा भात. आपल्या लग्नातला जर्दा तो हाच, फक्त तिथे तो खिरीसारखा पातळ असतो. ज्या घरात वर्षभर गोड शिजत नसे, त्या घरातल्या माणसालाही आठवड्यातून एकदा केशराचा वास मिळावा, हा विचार कोणीतरी केला आणि तो दस्तऐवजात लिहून ठेवला.

आपल्याकडे हे नव्हते असे नाही. औरंगाबादची पाणचक्की आपण सगळ्यांनी सहलीत पाहिली आहे. दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेल्या पाण्यावर ते जाते फिरे आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या फकीर-मुसाफिरांसाठी पीठ दळले जाई. आपण तिथे कारंज्यासमोर फोटो काढतो. पीठ कोणाच्या पोटात जात होते, हे मुलांना सांगायचे राहून जाते.

जोहरची जमात सुलेमानियात मिळाली. महिलांची जागा मागच्या बाजूला, लाकडी जाळीच्या आड, पण तोच गालिचा आणि तोच घुमट. आमच्यापैकी बऱ्याच जणींनी हज-उमरा सोडल्यास मशिदीत कधी नमाज अदा केली नव्हती. आपल्या अनेक गावांत महिलांसाठी मशिदीत जागाच नसते. सलाम फिरवल्यावर कितीतरी वेळ कोणी उठले नाही. शाफई मंडळींनी सफरीच्या सवलतीप्रमाणे असर तिथेच जोहरसोबत जमा करून घेतली. हनफी मंडळींनी ती पुढे वेळेवर अदा केली. यावरून कोणी कोणाला काही बोलले नाही, हे नमूद करण्यासारखे आहे.

जेवण मशिदीसमोरच. जुन्या संकुलाच्या ओळीत छोटी छोटी खानावळी आहेत आणि त्यांची ख्याती एकाच पदार्थाची, 'कुरू फासुल्ये'. म्हणजे पांढऱ्या घेवड्याची उसळ. टोमॅटो, लोणी आणि मंद आच. मसाला जवळजवळ नाही. सोबत मोकळा भात, ज्याला ते पिलाव म्हणतात, आणि वाटीभर लोणचे. आमच्या मंडळींनी आधी पर्समधली लाल चटणी काढली. दोन घासांनंतर बऱ्याच जणांनी ती परत ठेवली. घेवडा इतका मऊ, की खालांना दात लावावा लागला नाही. त्या म्हणाल्या, "ही उसळ घाईची नाही. रात्रीपासून कोणीतरी बसलंय हिच्यापाशी."

फुटाणे आणि बोझा

तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर वेफा नावाचा मोहल्ला आहे. तिथे १८७६ पासूनचे एक दुकान आहे, बोझाचे. बोझा हे धान्य आंबवून केलेले दाट पेय. वरून दालचिनीची पूड भुरभुरतात आणि भाजलेले फुटाणे टाकतात. फुटाणे समोरच्या दुकानातून गरम गरम घ्यायचे, ही तिथली रीत. चव आंबटगोड. नाचणीचे आंबील ज्यांनी प्यायले आहे, त्यांना ती अर्धी ओळखीची वाटेल.

बोझा किंचित आंबलेला असतो, हे गाइडने आधीच सांगितले. तिथले नमाजी लोकही तो पितात, लहान मुलांनाही देतात. तरी ज्यांच्या मनात शंका आली, त्यांनी फुटाणे खाल्ले आणि बाकीच्यांनी पेले रिकामे केले. परदेशात खाण्याबद्दल आम्ही एकच नियम पाळला. पदार्थात काय आहे हे विचारायचे, शंका असेल तर सोडायचे आणि दुसऱ्याच्या पेल्यात डोकावायचे नाही.

उतारावरचे बाजार आणि त्या बांधणाऱ्या स्त्रिया

वेफापासून खाडीकडे उतार आहे. खालांच्या गुडघ्यांसाठी दोन टॅक्सी केल्या, बाकीचे चालत उतरलो. रुस्तुम पाशा मशीद रस्त्यावरून दिसतच नाही. दुकानांच्या मधून एक जिना वर जातो. सिनाननेच ती १५६० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधली. खाली कमानीत दुकाने आणि त्यांच्या डोक्यावर मशीद. दुकानांच्या भाड्यावर मशीद चालावी, ही योजना इथे कागदावरून थेट नकाशात उतरली आहे. आत शिरल्यावर भिंती, खांब, मिहराब, सगळीकडे इझनिकच्या टाइल्स. हनफी मंडळींनी असर इथे अदा केली.

दोन मिनिटांवर मिस्र चार्शी, मसाल्यांचा बाजार. दालचिनी, सुमाक, लाल मिरचीचा भुगा, सुकी अंजिरे, गुलाबकळ्या, लोकुम. बाहेरच्या गल्लीत ताज्या दळलेल्या कॉफीचा वास आणि त्यासाठीची रांग. आमच्या बायकांनी इथे मनसोक्त भाव केले. केशर मात्र कोणी घेतले नाही. स्वस्त केशर दिसले, की समजावे काय ते.

हा बाजार शेजारच्या येनी जामी, म्हणजे नव्या मशिदीसाठी बांधला. त्या मशिदीची कथा भगिनींनी वाचण्यासारखी आहे. साफिये सुलतान या राजमातेने १५९७ मध्ये काम सुरू केले. मुलगा वारला, सत्ता गेली आणि भिंती अर्ध्यावर राहिल्या. पुढे अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटल्यावर तुर्हान हातिजे सुलतान या दुसऱ्या राजमातेने ते काम हाती घेतले आणि १६६५ मध्ये पुरे केले. या तुर्हान लहानपणी गुलाम म्हणून महालात आल्या होत्या. त्यांनी मशीद बांधली, शाळा बांधली, पाणपोई बांधली आणि या सगळ्यांचा खर्च निघावा म्हणून मसाल्यांचा बाजार बांधला. आज आपण तिथे जिरे-मिरे घेतो, ती एका स्त्रीने साडेतीन शतकांपूर्वी मांडलेल्या हिशेबाची वही आहे. त्याच शहरात हुर्रेम सुलतान, मिहरिमाह सुलतान, नूरबानू सुलतान यांच्याही मशिदी, दवाखाने आणि इमारेत आहेत. घर चालवणारी बाई हिशेब जाणते, हे सगळीकडे सारखेच.

मासा, शिंपले आणि एक शब्द

गलाता पुलाशी पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. पुलाच्या कठड्याला माणसे गळ टाकून ओळीने उभी होती. इथली खासियत म्हणजे 'बालिक एकमेक'. बालिक म्हणजे मासा आणि एकमेक म्हणजे पाव. बांगड्याच्या जातीचा मासा काटे काढून तव्यावर भाजतात, लांब पाव चिरून त्यात घालतात, वर कांदा, पाला आणि लिंबू. कोकणकरांनी पहिल्या घासाला एकमेकांकडे पाहिले. हळद नाही, तिखट नाही, कोकम नाही. पण मासा ताज्या चवीचा आणि भूक खरी. मामींनी निर्णय दिला, "बांगडा माहेरचा नाही, पण सासरचा म्हणून चालेल." सोबत बिटाने लाल झालेले लोणच्याचे पाणी पितात. ते मात्र तिखटाची हौस थोडी भागवते.

पुढे 'मिद्ये' विकणारा बसला होता. काळ्या शिंपल्यात मसालेभात भरलेला. तो शिंपला उघडतो, लिंबू पिळतो, तुम्ही खाता, तो पुढचा उघडतो. तुम्ही थांबा म्हणेपर्यंत हे चालू राहते. इथे पुन्हा दोन मजहब झाले. तिसऱ्यांवर वाढलेली शाफई मंडळी सरसावली, हनफी मंडळींनी शिंपले न खाता भाजलेली मक्याची कणसे घेतली. गंमत अशी, की विकणारा स्वतः हनफी होता.

'एकमेक' हा शब्द मात्र सगळ्यांच्या तोंडी बसला. मराठीत एकमेक म्हणजे काय, हे आम्ही गाइडला सांगितले. त्याने तो अर्थ फोनमध्ये लिहून घेतला आणि म्हणाला, "मग तुम्हाला आणखी एक एकमेक दाखवतो."

उस्कुदार : न दिसणारा हात

बोटीने बॉस्फरस ओलांडला. वीस मिनिटांत युरोपातून आशियात. सीगल बोटीमागे उडत होते, पोरे त्यांना सिमितचे तुकडे भिरकावत होती. उस्कुदारच्या धक्क्यासमोरच मिहरिमाह सुलतान मशीद आहे, सुलेमानच्या मुलीची, सिनाननेच बांधलेली. मगरिब तिथे अदा केली.

मग गाइडने एका गल्लीत नेऊन एक दगड दाखवला. माणसाच्या उंचीपेक्षा थोडा उंच गोल खांब, वर खळगा. त्याला 'सदका ताशी' म्हणतात, सदक्याचा दगड. ज्याला द्यायचे आहे त्याने अंधार पडल्यावर हात वर करून खळग्यात नाणी ठेवायची. ज्याला गरज आहे त्याने हात वर करून, लागतील तेवढी घ्यायची. रस्त्यावरून जाणाऱ्याला फक्त वर गेलेला हात दिसतो. तो ठेवतो आहे की घेतो आहे, हे कळत नाही. असे दगड शहरात आता थोडेच उरले आहेत.

दगडाचा काळ सरला, पण रीत राहिली. गाइड आम्हाला एका बेकरीत घेऊन गेला. दाराशी एक टोपली आणि वर पाटी, 'अस्कदा एकमेक'. म्हणजे खुंटीवरचा पाव. आपण दोन पावांचे पैसे द्यायचे, एक घरी न्यायचा आणि एक टोपलीत सोडायचा. ज्याच्याकडे पैसे नाहीत, तो येतो आणि टोपलीतून घेऊन जातो. तो कोण, हे बेकरीवाला विचारत नाही.

आम्ही प्रत्येकाने दोन-दोन पाव घेतले. टोपली भरली, तेव्हा बेकरीवाल्याने आतून पोते आणले. हातातला पाव अजून गरम होता. रात्री 'इंडियन डिनर' रद्द करून हॉटेलच्या खोलीत आम्ही तो जवळ्याच्या चटणीबरोबर खाल्ला.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे

बूट चटकन काढता-घालता येतील असे घ्या. दिवसात पाच-सहा मशिदी झाल्या, तर नाड्या सोडण्यातच जीव जातो. महिलांनी ओढणी सोबत ठेवावी. पर्यटकांसाठी जमातीच्या वेळी मशिदी बंद असतात, नमाजींना अर्थातच मोकळ्या. जुने शहर चढउताराचे आहे, पण सुलतान अहमद ते एमिनोनू ट्राम आहे, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांना मागे ठेवू नका. गाडीवरच्या खाण्यासाठी सुटे लिरा जवळ हवेत. सहलीचे पैसे भरण्यापूर्वी कार्यक्रमपत्रिकेत 'प्रात्यक्षिक' आणि 'वेळ मिळाल्यास' हे शब्द कुठे आहेत, ते पाहा आणि त्यावर तेव्हाच बोला.

आणि शेवटी टोपलीचे. परत आल्यावर आमच्यातल्या एकांनी, ज्यांची स्वतःची बेकरी आहे, दारात टोपली ठेवली. पाटीही लावली. पहिले आठ दिवस टोपली भरलेलीच राहिली. देणारे आले, घेणारा कोणी येईना. मोहल्ल्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. भर रस्त्यात कोण टोपलीत हात घालणार? खालांना फोनवर सांगितले, तर त्या म्हणाल्या, "दगड आठव. त्याचं तोंड वर का होतं?"

टोपली मागच्या बोळातल्या खिडकीत नेली. पाटी काढून टाकली. आता ती मगरिबच्या सुमारास भरतात आणि इशाच्या अजानपर्यंत ती रिकामी होते. कोण नेतो, ते कोणी पाहत नाही. पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह, बुर्सा.